पत्र त्यांचं, पत्ता तुमचा

ताई,

गेल्या वर्षी आम्ही या भाड्याच्या घरात राहायला आलो. घर चांगलं आहे, घरमालकही भले आहेत. पण लेटरबॉक्स उघडला की आमच्यापेक्षा आधीच्या भाडेकरूंचीच पत्रं जास्त. बँकेची पाकिटं, विम्याची, कुठल्याशा कर्ज देणाऱ्या कंपनीची, जाहिराती, एक मासिक. शिवाय एक तिसरंच नाव आहे, जे घरमालकांनीही कधी ऐकलेलं नाही. आणि अधूनमधून आधीच्या बाईंच्या नावाचं, हाताने पत्ता लिहिलेलं एक पाकीट येतं. अक्षर थरथरतं आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता कधी असतो, कधी नसतो.

सासूबाई म्हणतात, दुसऱ्याचं पत्र फेकू नये, म्हणून सगळं एका खणात साठलंय. नवरा म्हणतो, टाक कचऱ्यात, आपला काय संबंध? मध्यंतरी आमचं बिल समजून मी एक पाकीट उघडलं तर आत कर्ज थकल्याची नोटीस निघाली. तेव्हापासून धास्ती बसली आहे. हे मी फक्त शेजारच्या वहिनींना सांगितलं. आता गेल्या आठवड्यात दोन माणसं दारात आली, त्या बाईंचा नवा पत्ता विचारत होती. उद्या आमच्यावर काही शेकणार नाही ना? आणि त्या खणाचं काय करू?

— खण भरलेली

खण भरलेल्या मैत्रिणीस,

तुमच्या घरात दोन पक्ष पडले आहेत खरे, पण पत्र पाठवणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर तुमचे यजमान आणि सासूबाई दोघं एकच गोष्ट करायला सांगताहेत. पत्र खणात गेलं काय किंवा कचऱ्यात गेलं काय, बँकेच्या दप्तरी ते पोचलेलंच असतं. बँकेला तुमचा खण दिसत नाही. तिला फक्त दोन गोष्टी कळतात: पत्र परत आलं, किंवा परत आलं नाही. परत आलं नाही म्हणजे पत्ता बरोबर आहे, असं समजून ती पुढचं पत्र पाठवते. तुमच्याकडे इतके महिने पत्रं येत राहिली त्याचं कारण एवढंच आहे. तुम्ही एकही परत पाठवलेलं नाही.

म्हणून पहिली गोष्ट, पत्र परत जाऊ द्यायचं. त्यात कुणाचा अपमान नाही आणि आगाऊपणाही नाही. देशादेशांतल्या टपालाचे नियम ठरवणारी युनिव्हर्सल पोस्टल युनियन नावाची संघटना आहे, 1874 मध्ये बर्नला स्थापन झालेली. तिच्या करारात एक तत्त्व स्पष्ट लिहिलेलं आहे: टपाल योग्य माणसाच्या हाती पडेपर्यंत ते पाठवणाऱ्याच्याच मालकीचं असतं. तुमच्या लेटरबॉक्समध्ये पडलं म्हणून ते तुमचं होत नाही, आणि त्या बाईंच्या हाती न पडल्यामुळे अजून त्यांचंही झालेलं नाही. ज्याने पाठवलं त्याचं त्याला परत. यजमानांना ‘आपला काय संबंध’ वाटतं ते बरोबरच आहे. संबंध नाही, म्हणूनच ते फेकायचा अधिकारही नाही.

आता उघडलेल्या पाकिटाबद्दल. आपलं बिल समजून उघडलं, नाव नंतर वाचलं, हे कुणाच्याही हातून होतं आणि त्यासाठी कुणी तुमच्या मागे लागणार नाही. कायद्याचा रोख असतो तो जाणूनबुजून करण्यावर. ब्रिटनमध्ये 2000 च्या टपाल सेवा कायद्यात दुसऱ्याचं चुकीने आलेलं टपाल उघडणं गुन्हा ठरतो तो त्या माणसाचं नुकसान करण्याचा हेतू असेल आणि तसं करायला रास्त कारण नसेल तर. अमेरिकेत मात्र पत्र ज्याचं आहे त्याच्या हाती पडू नये किंवा त्याची गुपितं कळावीत म्हणून ते घेणं, उघडणं, लपवणं किंवा नष्ट करणं याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नष्ट करणं हा शब्द यजमानांना वाचून दाखवा. तुम्ही जिथे राहता तिथलं कलम वेगळं असेल, पण चुकून उघडणारा आणि मुद्दाम उघडणारा यांत फरक बहुतेक ठिकाणी केला जातो.

ते पाकीट चिकटपट्टीने बंद करा, वर ‘चुकून उघडले गेले’ असं लिहा, सही करा आणि बाकीच्यांबरोबर परत पाठवा. आतला मजकूर मात्र तिथेच संपायला हवा होता. शेजारच्या वहिनींना सांगितलंत ते मला आवडलं नाही, स्पष्टच सांगते. ‘फक्त वहिनींना’ यातल्या ‘फक्त’ला काही अर्थ नसतो. त्या बाई याच शेजारात राहून गेल्या आहेत, त्यांची तिथे ओळख असणार. वहिनींना एकदा सांगून टाका की ते आपल्यातच राहू दे. पाकीट उघडल्याने जे नुकसान झालं नसेल ते बोलण्याने होऊ शकतं.

परत पाठवायची रीत फार अवघड नाही, पण लोक तिथेच गडबड करतात. मूळ पत्ता गिरगटून टाकू नका. त्यावर एक तिरपी रेघ मारा, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे. बाजूच्या मोकळ्या जागेत ठळक लिहा: ‘ही व्यक्ती आता या पत्त्यावर राहत नाही. पाठवणाऱ्याकडे परत.’ तुमच्याकडची टपालाची भाषा वेगळी असेल तर तिथल्या भाषेत. पाकिटाच्या मागे किंवा वरच्या कोपऱ्यात पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, त्याला अजिबात हात लावायचा नाही. खिडकीच्या पाकिटावर तो पुष्कळदा मागच्या झडपेवर बारीक अक्षरात छापलेला असतो.

आणि बारकोड. हे बहुतेकांना माहीत नसतं. जिथे टपालाची छाननी यंत्रं करतात तिथे पाकिटावर उभ्या रेघांची एक पट्टी छापलेली असते, पत्त्याच्या वर किंवा अगदी खालच्या कडेला. यंत्र तुमचं हस्ताक्षर वाचत बसत नाही, ते ती पट्टी वाचतं, आणि पट्टीत तुमचाच पत्ता असतो. मग तुम्ही कितीही ठळक ‘परत’ लिहा, पाकीट फिरून तुमच्याच दारात. ‘मी परत पाठवलं तरी पुन्हा आलं’ ही तक्रार करणाऱ्यांनी बहुधा ती पट्टी तशीच सोडलेली असते. पेनाने ती पूर्ण काळी करा. नवीन पाकिटात घालायचं नाही, नवं तिकीट लावायचं नाही. पोस्टाच्या पेटीत टाका किंवा पोस्टमनच्या हातात द्या.

पोस्टमनच्या हातात देणं मला जास्त पसंत आहे. एकदा दारात गाठून सांगा की या नावाचं इथे कुणी राहत नाही. रोजचा पोस्टमन लक्षात ठेवतो. अडचण येते ती तो रजेवर गेला आणि बदलीवर दुसरा आला की. म्हणून लेटरबॉक्सवर तुमच्या घरात राहणाऱ्यांची नावं स्वच्छ लिहून लावा. आधीच्यांची नावं लिहून पुढे ‘राहत नाहीत’ असं बाहेर लावू नका. त्याने पोस्टमनचं काम भागेल, पण येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना कोण निघून गेलं ते कळेल.

सगळ्यात जास्त जपायचं ते सही घेऊन द्यायच्या टपालाला. आधीच्या भाडेकरूंच्या नावाचं असं काही आलं, तर ‘घेऊन ठेवते, कळवेन त्यांना’ म्हणून सही करू नका. तुमची सही म्हणजे ते पाकीट त्या घरात स्वीकारलं गेल्याचा पुरावा. आत कोर्टाची नोटीस असेल तर त्या दिवसापासून उत्तर द्यायची मुदत मोजायला सुरुवात होऊ शकते, आणि ज्यांच्यावर ती आहे त्यांना कशाचाच पत्ता नाही. सासूबाईंनाही हे समजावून सांगा. दुपारी एकट्या असताना कुणी सही मागितली की घरातली मोठी माणसं भिडेने करून टाकतात.

पण नुसतं ‘नको’ म्हणून दार लावणंही बरोबर नाही. परत जाणाऱ्या टपालावर पोस्टमन कारणाचा शेरा मारतो. आंतरराष्ट्रीय टपालाला लावायच्या चिठ्ठीवर तर ही कारणं चौकटींत छापलेलीच असतात: पत्ता अपुरा, व्यक्ती अनोळखी, घर सोडून गेली, घेण्यास नकार, न्यायला कुणी आलं नाही. यातलं ‘घर सोडून गेली’ आणि ‘घेण्यास नकार’ एकमेकांशेजारी असले तरी त्यांचे परिणाम अगदी निराळे. नकाराचा शेरा असेल तर नोटीस बजावली गेली असंच धरायचं, असा पवित्रा भारतातल्या न्यायालयांनी अनेकदा घेतला आहे. म्हणजे तुम्ही घाईत ‘आम्हाला नको’ म्हणालात, पोस्टमनने ‘नकार’ लिहिलं, आणि कागदोपत्री त्या बाईंनीच नोटीस नाकारली असं झालं. त्यापेक्षा एक वाक्य नीट सांगा: ‘त्या इथून गेल्या, आम्ही नवे भाडेकरू आहोत.’ आणि शेरा काय लिहिला तेही बघा. विचारलं तर पोस्टमन दाखवतो.

आता धास्तीचं. कर्ज माणसाचं असतं, भिंतींचं नसतं. कर्ज देणाऱ्या संस्था पत बघतात ती कर्ज घेणाऱ्या माणसाची. त्या घरात आधी कुणीतरी हप्ते चुकवले म्हणून तुमच्या कर्जाच्या अर्जावर काळी फुली पडत नाही. घराच्या पत्त्याची काळी यादी असते ही समजूत बरीच पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. त्या बाईंशी तुमचं नातं नाही, कुठल्या खात्यात तुमची नावं एकत्र नाहीत, तुम्ही जामीन नाही. तुमच्यावर काही शेकत नाही.

याला एक अपवाद आहे, आणि तो नोटिशीत नसून मीटरमध्ये असतो. वीज, पाणी, घरपट्टी, इमारतीची देणी यांतली काही देणी काही ठिकाणी माणसाऐवजी जागेला चिकटतात. भारतात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वीजथकबाकीबद्दल म्हटलं की जुन्या मालकाची बाकी भरल्याशिवाय त्या जागेत नवी जोडणी देणार नाही, अशी अट वीज कंपनीच्या नियमांत असेल तर ती वैध आहे. भाडेकरू म्हणून तुमच्यापुरता धडा एवढाच की राहायला आलात त्या दिवशीचं मीटरचं रीडिंग कुठे नोंदलेलं आहे का ते बघा, आणि जुन्या तारखेचं बिल आलं तर ते परत न पाठवता घरमालकांना द्या. वीज किंवा पाण्याच्या बिलाचं पाकीट आधीच्यांच्या नावाचं असलं तरी ते तुमच्या घराबद्दल असू शकतं. तुमचं कनेक्शन अजून त्यांच्याच नावावर आहे का, हे मला इथून कळणार नाही, तुम्ही मात्र आजच विचारू शकता.

दारात आलेल्या दोघांकडे येते. त्यांना आत घ्यायचं नाही. कुठल्या संस्थेकडून आलात, ओळखपत्र दाखवा, एवढं उंबऱ्यातूनच विचारायचं. मग सांगायचं की त्या व्यक्ती इथे राहत नाहीत, आम्ही नवे भाडेकरू. नवा पत्ता माहीत असला तरी सांगायचा नाही. फोन नंबरही नाही. आपण वसुलीवाल्यांना टाळतोय असं तुम्हाला वाटेल, पण दारात आलेला माणूस खरंच वसुलीचा आहे की दुसराच कुणी, हे तुम्ही कशावरून ठरवणार? घर सोडून जाणारी माणसं कधीकधी कुणापासून तरी लांब जात असतात. त्रास देणारा नवरा, मागे लागलेला माणूस. पत्ता शोधायचे खरे मार्ग बँकेकडे आणि कोर्टाकडे असतात, तुम्ही त्यांचे खबरे नाही. ‘मी त्यांचा भाऊ, त्यांची पत्रं न्यायला आलोय’ असं म्हणणाऱ्यालाही खण मोकळा करून देऊ नका. त्या बाईंनी स्वतः फोनवर सांगितलं तरच.

ती माणसं पुन्हा आली, तर त्यांच्या संस्थेला एक लेखी पत्र पाठवा: अमुक तारखेपासून आम्ही या पत्त्यावर राहतो, तुमच्या कर्जदाराशी आमचा संबंध नाही, यापुढे इथे येऊ नये. सोबत भाडेकराराच्या पहिल्या पानाची प्रत, त्यावरचे भाड्याचे आकडे आणि तुमचे ओळख क्रमांक झाकून. आधार किंवा पॅनसारख्या कागदाची प्रत दारात आलेल्याच्या हातात मुळीच देऊ नका. तुम्ही ‘त्या’ नाही हे सिद्ध करायला तुमचा सगळा जन्मवृत्तांत द्यावा लागत नाही. त्यानंतरही धमकीची भाषा झाली तर पोलीस.

तुमच्या पत्रातलं तिसरं नाव मला कर्जाच्या नोटिशीपेक्षा जास्त खटकलं. ते आधीच्यांच्याही आधीच्या भाडेकरूचं असू शकतं, शेजारी जुना कुणी असेल तर लगेच उलगडा होईल. पण कुणीच ओळखत नसेल आणि त्या नावाने नवी कार्डं, नव्या खात्याची पाकिटं, सिमकार्डं येत असतील, तर कुणीतरी तुमचा पत्ता वापरून खाती उघडत असण्याची शक्यता आहे. रिकाम्या घराचा किंवा भाडेकरू सतत बदलणाऱ्या घराचा पत्ता यासाठी सोयीचा पडतो. मागाहून कुणीतरी लेटरबॉक्समधून पाकीट काढून नेतं, किंवा ‘माझं पार्सल चुकून तुमच्याकडे आलं’ म्हणत हसत दारात येतं. अशा नावाचं काहीही कुणाच्या हातात देऊ नका. पाकिटावर बँकेचं नाव दिसतंच, त्या बँकेचा नंबर तिच्या संकेतस्थळावरून शोधून (पाकिटावरचा किंवा पत्रातला नको) कळवा की या नावाची व्यक्ती या पत्त्यावर कधीही राहिलेली नाही. ‘आता राहत नाही’ आणि ‘कधीही राहिलेली नाही’ यांत बँकेच्या दृष्टीने मोठा फरक आहे, तेव्हा शब्द जपून वापरा. लेटरबॉक्सला कुलूप नसेल तर लावून घ्या.

जाहिरातींचं एवढं मनावर घ्यायला नको. ‘सध्याचे रहिवासी’ असं लिहिलेलं पाकीट तुमचंच, खुशाल फेका. नाव घालून घाऊक पाठवलेल्या जाहिराती अनेक देशांत टपाल खातं परत नेतच नाही, परत दिल्या तर तेच रद्दीत टाकतं. कायद्याने त्याही दुसऱ्याच्याच, पण त्यांच्यासाठी पोस्टात खेपा घालाव्यात असं मी म्हणणार नाही. फक्त ‘पूर्वमंजूर कर्ज’, ‘आधीच भरलेला अर्ज’ अशा पाकिटांवरचं नाव डोळ्यांआड करू नका, ती बँकेच्या पाकिटांबरोबर परत. सरकारी पाकिटं, म्हणजे कर, मतदान, निवृत्तिवेतन, न्यायालय, यांना एक दिवसही ठेवायचं नाही. औषधांचं किंवा दवाखान्याचं काही दिसलं तर टपालाने परत पाठवत बसू नका, वरच्या नंबरवर त्याच दिवशी फोन करा. कुरिअरचं पार्सल पोस्टाच्या पेटीत टाकून भागत नाही, ज्या कंपनीचं त्या कंपनीलाच बोलवावं लागतं.

हे सगळं करायच्या आधी एक साधी गोष्ट करा, जी तुम्ही इतके दिवस केलेली नाही असं तुमच्या पत्रावरून वाटतं. घरमालकांकडे त्या बाईंचा नंबर असणारच. अनामत रक्कम परत करताना बोलणं झालेलं असेल. नंबर तुम्ही मागू नका. घरमालकांनाच फोन करायला सांगा: ‘तुमची पत्रं येताहेत, नेता का, की परत पाठवू? आणि पोस्टात नवा पत्ता नोंदवा.’ बऱ्याच देशांत टपाल खातं जुन्या पत्त्यावरचं टपाल काही काळ नव्या पत्त्यावर वळवून देतं. अमेरिकेत साध्या पत्रांसाठी ती मुदत साधारण 12 महिने असते, ब्रिटनमध्ये 3, 6 किंवा 12 महिन्यांसाठी पैसे भरून सोय घेता येते. पण ते ज्याचं टपाल त्यानेच नोंदवायचं असतं. त्यांच्या वतीने तुम्ही अर्ज भरायला जाऊ नका, कितीही चांगल्या हेतूने. दुसऱ्याचं टपाल वळवण्याचा अर्ज म्हणजे फसवणुकीच्या तक्रारीला आमंत्रण.

त्यांनी ‘नेते, नेते’ म्हटलं तर आठवड्याची मुदत द्या. आठवड्यापेक्षा जास्त नाही, हा माझा स्वतःचा नियम. भिडेने ‘असू दे, सावकाश या’ म्हणणाऱ्यांच्या घरीच असे खण भरतात. त्या म्हणाल्या की सगळं फाडून टाका, तर घरमालकांकरवी तसा एक मेसेज लेखी मागून घ्या आणि मग फाडा.

हाताने लिहिलेल्या पाकिटांचा विचार मी सगळ्यात जास्त केला. बँकेला उत्तर आलं नाही म्हणून बँक दुखावत नाही. पण थरथरत्या अक्षरात पत्र लिहिणारं ते जे कुणी आहे, त्यांना गेलं वर्षभर वाटत असणार की पत्रं पोचताहेत आणि तिकडून कुणी उत्तर देत नाही. घरमालक फोन करतील तेव्हा नोटिशींच्या आधी हे सांगायला सांगा की तुमची घरची पत्रं आहेत. नोटिशीसाठी माणूस यायचं टाळेल, याच्यासाठी कदाचित येईल.

फोन लागला नाही, तर ज्या पाकिटांवर पाठवणाऱ्याचा पत्ता आहे ती परत पाठवा, आणि बाहेरच्या बाजूला कोरडा शेरा न मारता दोन ओळी लिहा: ‘त्या या घरातून दुसरीकडे राहायला गेल्या आहेत. पत्र त्यांना मिळालेलं नाही.’ दुसरं वाक्य विसरू नका, ते वाचण्यासाठीच ती व्यक्ती थांबलेली आहे. ज्यांच्यावर पत्ता नाही ती उघडून आत पत्ता सापडतो का बघायचा मोह होईल. तुमचा हेतू चांगला आहे हे मला कळतं, तरीही नको. ते काम करायला टपाल खात्याची वेगळी कार्यालयं असतात. अमेरिकेचं अटलांटात आहे, ब्रिटनचं बेलफास्टमध्ये. ना घेणाऱ्याकडे जाऊ शकत ना पाठवणाऱ्याकडे, अशी टपालं तिथे जातात, आणि ती उघडून धागा शोधायचा अधिकार तिथल्या माणसांना असतो. एक करता येईल: एका पाकिटावर पत्ता आहे आणि बाकीच्यांचं अक्षर हुबेहूब तेच आहे, तर सगळी एकत्र बांधून पोस्टात द्या आणि एकाच माणसाची आहेत असं काउंटरवर सांगा. त्यांनी ऐकलंच पाहिजे असं नाही, पण माणूस बरा असेल तर ऐकतो.

राहिला खण. या रविवारी सासूबाईंना बरोबर घेऊन बसा, त्यांनी जपून ठेवलं म्हणूनच आज काही परत पाठवता येतंय. जाहिराती बाजूला, वीज-पाण्याची बिलं घरमालकांसाठी बाजूला, तिसऱ्या नावाची पाकिटं आधी बँकेला फोन करायचा म्हणून बाजूला, सरकारी पाकिटं लगेच परत, घरची पत्रं आणि बाकीची बँकेची पाकिटं फोनची वाट बघत आठवडाभर. जुनी झाली म्हणून सोडू नका. वर्षापूर्वीचं पत्र परत गेलं तरी बँक पत्ता तपासायला लागते, आणि पुढची पाकिटं थांबायची ती त्यानेच. लगेच थांबणार नाहीत. काही संस्थांच्या याद्या वर्षातून एकदा दुरुस्त होतात, तोवर तुम्हाला तेच तेच पुन्हा करावं लागेल आणि वैताग येईल. मासिकवाल्यांना मात्र परत पाठवून काही कळत नाही. आवरणावर वर्गणीदाराचा क्रमांक असतो, तो सांगून त्यांना फोन करा. अंक आधीच कुणी वाचून काढले असतील तर ते परत करायच्या भानगडीत पडू नका.